एकटीने घेतलेली गाडी आणि नंतरची घालमेल: एक प्रकरण

हे प्रकरण एका अडतीस वर्षांच्या स्त्रीचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत आणि नावाऐवजी सगळीकडे ‘ती’ एवढंच ठेवलं आहे. पैशाचे आणि घरातले मोठे निर्णय घेताना लोक अडतात तेव्हा त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. गाडीसाठी लोक येतात ते बहुतेक घेण्याआधी, हप्ता झेपेल का हे विचारायला. ही घेतल्यानंतर आली, आणि गाडी विकून टाकायची हे जवळपास पक्कं करून आली.

पार्श्वभूमी

ती फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. दिवसाला पाच-सहा घरं, सोबत जड बॅग आणि एका घरून दुसऱ्या घरी वेळेत पोचायची धडपड. गाडीची गरज खरी होती. ऐपतही होती. निम्म्याहून जास्त रक्कम तिने साठवलेली होती, उरलेल्याचं कर्ज घेतलं, आणि हप्ता असा ठेवला की एखादा महिना काम कमी आलं तरी भरता यावा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती स्वतःला ‘उधळी’ म्हणायला लागली तेव्हा तिच्या हिशेबाच्या वहीत त्याला कुठेच आधार नव्हता.

तिच्या घरात एक गोष्ट न बोलता ठरलेली: गाड्यांतलं दादाला कळतं. तिची पहिली गाडी मोठ्या भावानेच निवडली होती. रंग त्याने ठरवला, भाव त्याने केला, आणि काही वर्षांनी ती विकायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईकही त्यानेच आणलं. गाडी चांगली होती, फक्त तिच्या मानाने लांब होती. अरुंद गल्लीत वळवताना तिला घाम फुटायचा, पण दादाला वाईट वाटेल म्हणून ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. या खेपेला शोधण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत सगळं आपलं आपण करायचं, असं तिने ठरवलं. घरच्यांना ‘गाडी बघतेय’ एवढं माहीत होतं. कोणती, कधी, कितीला, हे तिने सांगितलं नाही.

तयारी तिने मनापासून केली. वहीत तक्ता काढला: गाडीची लांबी, वळायला लागणारी जागा, मागची डिकी उघडल्यावर बॅग किती उंच उचलावी लागते, इंधनाचा खर्च, विम्याचा खर्च. बॅग उचलण्याचा रकाना मला फार आवडला, कारण तो दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात आलाच नसता. तीन गाड्या उरल्या, आणि त्यातून पाच वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली एक तिने निवडली. दोनदा चालवून पाहिली, एकदा गर्दीत, एकदा मोकळ्या रस्त्यावर. चॅसी नंबर कागदाशी ताडून पाहिला. सतरा अक्षर-अंकांचा तो क्रमांक तिने एकेक करून मोठ्याने वाचला आणि मालकाला कागदावर बोट ठेवायला लावलं. भावही थोडा उतरवून घेतला.

एक गोष्ट राहिली. तिऱ्हाईत मेकॅनिकला दाखवायची होती, पण मालक म्हणाला, “संध्याकाळी अजून एकजण बघायला येतोय.” तिने त्याच दुपारी विसार दिला.

अडचण

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी ती इंजिन बंद करून बराच वेळ आतच बसून राहिली. आनंद झाला होता. पण कुणाला फोन करावा हेच सुचेना. शेवटी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. अंगठे आले, अभिनंदन आलं, आणि बाबांचा मेसेज आला: “छान. दादाला दाखवलीस का?”

रविवारी दादा आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या उजव्या दारापाशी थांबला, गुडघे वाकवून डोळे दाराच्या पातळीला आणले आणि उन्हाच्या तिरिपेत पत्र्यावरून नजर फिरवली. मग बोटाने दाराच्या कडेची रबराची पट्टी जराशी उचलली. तिच्याखाली रंगाची एक बारीक रेघ उमटलेली होती, कारखान्यात कधी न उमटणारी.

“हा दरवाजा रंगवलाय,” तो म्हणाला. “सांगितलं नव्हतं त्याने?”

“नाही.”

“मला विचारलं असतंस तर...” एवढं बोलून तो गप्प झाला.

तिथून पुढे सगळं बिनसलं. रोज रात्री ती फोनवर जाहिराती चाळायला लागली. तीच गाडी, तेच वर्ष, दुसरीकडे कितीला आहे? नाकारलेल्या दोन गाड्यांपैकी एखादी अजून विकायची आहे का? गाडी चालवताना मागून काही वाजलं की पोटात गोळा यायचा. झोप उशिरा लागायची. रुग्णांकडे जाणं, खाणंपिणं, कामातलं लक्ष हे सगळं ठीक होतं. मी ते मुद्दाम विचारलं, कारण तेही बिघडलं असतं तर प्रश्न गाडीपुरता उरला नसता आणि मी तिला आधी डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, “आनंद झालाय हेही खरं आणि पश्चात्ताप होतोय हेही खरं. मग यातलं खोटं कुठलं?”

खोटं कुठलंच नव्हतं. जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ आणि जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली नेमकं हेच तपासलं होतं: माणसाला एकाच वेळी आनंद आणि दुःख दोन्ही वाटू शकतं का? पदवी मिळण्याच्या दिवशी, वसतिगृह सोडण्याच्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, आणि एरवीच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त जणांनी दोन्ही एकदम वाटत असल्याचं सांगितलं. हे ऐकून तिचे खांदे जरा सैल पडले. प्रश्न त्याने सुटला नाही, पण ‘मला काहीतरी झालंय’ ही त्यावरची जादाची भीती गेली.

जाहिराती चाळण्याबद्दल इथेच लिहिते. निवड केल्यावर माणूस साधारणपणे स्वतःच्या निवडीची बाजू घ्यायला लागतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने 1957 साली मांडलेल्या विसंगतीच्या सिद्धांतात (आपले विचार आणि कृती जुळेनाशी झाली की मन अस्वस्थ होतं आणि ती जुळवायला बघतं) हा मुद्दा मध्यवर्ती आहे. त्याच वर्षी एर्लिख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्याने गाडी घेतलेल्या लोकांना गाठलं, तर ते आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होते आणि विचारात घेऊन सोडून दिलेल्या गाड्यांच्या कमी. आपलं बरोबर होतं याला दुजोरा शोधणं माणसाला सुखाचं वाटतं. ही बाई मात्र रोज रात्री आपण चुकलो याचा पुरावा शोधत होती. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची खूण होती. गाडीचा तिला कंटाळा आला असता, तर तिने जाहिराती बघितल्याच नसत्या. ती कुणाच्या तरी पुढे खटला लढवत होती, आणि तो ‘कुणीतरी’ गाडीत बसलेला नव्हता.

समोरचे पर्याय

तिच्या मनात आलेला पहिला पर्याय विकण्याचा. तो मी उडवून लावला नाही; आकडे मांडायला बसलो. वापरलेली गाडी घेतल्या घेतल्या विकायला काढली की घेणारा आधी विचारतो, “इतक्या लवकर का विकताय?” आणि उत्तर काहीही दिलं तरी भाव पडतो. समान हप्त्याच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुद्दल फारसं उतरलेलं नसतं. नावावर करण्याचा खर्च गेलेला, नवा विमा काढलेला, मुदतीआधी कर्ज फेडण्याचं शुल्क वेगळं. सगळं जमेस धरून तिला पाच-सहा हप्त्यांएवढा फटका बसला असता, आणि दुसरी गाडी शोधण्याचा व्याप पुन्हा मागे लागला असता. तरीही गाडीची चौकट वाकलेली निघाली, तर हा फटका सोसायलाच हवा, हेही आम्ही लिहून ठेवलं.

दुसरा पर्याय: जुन्या मालकाकडे जाऊन भांडायचं. यात तिचा राग मोकळा झाला असता, पण हातात काय होतं? दार रंगवलेलं आहे हे दादाच्या नजरेने सांगितलं होतं. का रंगवलं, आत काही झालंय का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरा पर्याय तिने हळू आवाजात सांगितला. “दादालाच देऊन टाकते सगळं. तो म्हणेल ते. ठेव म्हणाला तर ठेवते, विक म्हणाला तर विकते.” सोपा वाटणारा हाच पर्याय सगळ्यात महाग पडला असता, असं मला वाटतं. एकटीने निर्णय घेण्याची हिंमत तिने बऱ्याच वर्षांनी केली होती. एका रंगवलेल्या दारापायी ती माघारी दिली असती, तर पुढची कित्येक वर्षं तिने स्वतःच्या निर्णयावर भरवसा ठेवला नसता.

गप्प बसून गाडी चालवत राहणं हाही पर्याय होताच. बरेच लोक तेच करतात, आणि दिवस गेले की सवय होऊन मन शांतही होतं. पण गाडीत खरंच काही दोष असेल तर मन शांत होण्याला काय अर्थ? ती रोज रस्त्यावर असते.

मी पाचवी वाट सुचवली. विकायचं की ठेवायचं हा प्रश्न काही आठवडे टाळायचा, आणि आधी ‘गाडीचं काय’ आणि ‘माझं काय’ हे दोन ढीग वेगळे करायचे. गाडीचं उत्तर मेकॅनिक देईल. तिचं उत्तर मेकॅनिक देऊ शकत नाही, तसंच दादाशी बोलून पत्रा सरळ होत नाही.

काय केलं: दोन ढीग

कागदाला मधोमध घडी घातली. ती जे जे बोलली होती ते एकेक वाक्य तिने स्वतः कुठल्या बाजूला जातं ते ठरवून लिहिलं.

‘दार रंगवलंय’ गाडीच्या बाजूला गेलं. ‘ब्रेक दाबल्यावर बारीक आवाज येतो’ तिथेच. ‘दादाला एका मिनिटात दिसलं, मला दोन फेऱ्यांत दिसलं नाही’ दुसऱ्या बाजूला. ‘बाबांनी आधी दादाचं नाव काढलं’ दुसऱ्या बाजूला. ‘किल्ली घेताना फोटो काढायला कुणी नव्हतं’ हे तिने आधी खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

‘मला फसवलं’ या वाक्यापाशी ती बराच वेळ अडली. मालकाने दडवलं असेल तर ते व्यवहाराचं, म्हणजे गाडीच्या बाजूचं. पण तिला जे टोचत होतं ते ‘मी फसण्यासारखी आहे’ हे होतं. शेवटी तिने ते वाक्य घडीवरच लिहिलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मला ते योग्य वाटलं.

लिहून झाल्यावर गाडीच्या बाजूला फार थोडी वाक्यं होती. एवढं दिसलं तरी विकण्याची घाई पुष्कळ ओसरली.

एक गोष्ट मी तिच्या लक्षात आणून दिली. पहिल्या गाडीचा एसी पहिल्याच उन्हाळ्यात बिघडला होता, तेव्हा तिला असं काही झालं नव्हतं. “तेव्हा वैताग आला होता, पण पोटात कालवलं नव्हतं,” ती म्हणाली. मार्सेल झीलेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात निराशा आणि पश्चात्ताप यांतला फरक बारकाईने तपासला. नशिबाने किंवा दुसऱ्यामुळे वाईट झालं की निराशा येते. निवड आपली होती म्हणून वाईट झालं असं वाटलं की पश्चात्ताप येतो. दादाने निवडलेल्या गाडीतला दोष तिला निराश करू शकत होता, पश्चात्ताप देऊ शकत नव्हता. निर्णय हातात घेतला की पश्चात्तापही वाट्याला येतो. तिने काही वेडंवाकडं केल्याची ती खूण नव्हती.

काय केलं: तपासणी

ज्याचा या व्यवहाराशी आणि घराशी काही संबंध नाही अशा मेकॅनिककडे गाडी नेली. मी एकच अट घातली होती: गाडी सोडून जायचं नाही, शेजारी उभं राहायचं आणि तो जे बघेल ते आपणही बघायचं.

त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन जाड असतो. बॉनेट, पुढची दारं, छत, सगळीकडे आकडा 110 ते 135च्या आसपास आला. मागच्या उजव्या दारावर 270. वरून रंग चढवलाय हे नक्की झालं. पण लांबी (पोचा भरायचा पुटीसारखा लेप) भरून पत्रा सपाट केला असता तर आकडा कितीतरी वर, बऱ्याचदा हजाराच्याही पुढे जातो. मग त्याने दार उघडलं आणि बिजागरीचे बोल्ट दाखवले. त्यांच्यावरचा रंग जसाच्या तसा होता, पाना लागल्याची खूण नव्हती. म्हणजे दार कधी उतरवलंच नव्हतं. दारामागचा खांब, खालची पट्टी, कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके सगळे जागच्या जागी. गाडी लिफ्टवर चढवून त्याने खालची चौकट पाहिली, तीही सरळ होती. “कशाला तरी घासलं असेल, वरून रंगवलंय. आत काही नाही,” तो म्हणाला. ब्रेकचा आवाज पॅड झिजायला आल्याचा होता. ते काम तिथल्या तिथे झालं.

मग त्याने मागच्या टायरांपाशी बसून विचारलं, “गाडी किती वर्षांची म्हणालात?”

“पाच.”

“टायर सात वर्षांचे आहेत.”

टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार अंक तो कधी बनला ते सांगतात: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असं असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. मागचे दोन्ही टायर गाडीपेक्षा जुने निघाले. कुणीतरी मूळचे काढून दुसरीकडचे पडून असलेले चढवले होते. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून कुणालाच शंका आली नव्हती, दादालाही नाही. पण रबर वापराशिवायही वयाने कडक होतं, बाजूला बारीक भेगा जातात. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांनंतर टायर बदला असं काही गाडी बनवणारे सांगतात, आणि दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानली जाते. एका टायरला भेगा दिसतच होत्या.

या प्रकरणातलं हे वळण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या दारापायी तिची झोप उडाली होती ते दार निरुपद्रवी निघालं, आणि ज्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे खरा धोका होता. काळजी किती होते यावरून धोका किती आहे हे कळत नाही. तिने त्याच आठवड्यात दोन्ही टायर बदलले.

जुन्या मालकाला तिने मेसेज केला. आरोप न करता तीन ओळी: दार रंगवल्याचं आणि टायर जुने असल्याचं तपासणीत दिसलं, दोन्हीबद्दल सांगाल का? त्याने दाराच्या कामाचं जुनं बिल पाठवलं. फाटकाला घासलं होतं, “विचारलं असतंत तर सांगितलं असतं” म्हणाला. टायरबद्दल काही बोलला नाही. पैसे मागायचे का, यावर आम्ही बोललो. वापरलेल्या वस्तूच्या खासगी व्यवहारात, लेखी काही कबूल केलेलं नसताना, हाती फारसं लागणार नाही असा अंदाज होता. तिने विषय सोडला. मी असते तर टायरच्या निम्म्या खर्चाबद्दल एकदा तरी विचारलं असतं. नाही म्हणाला असता तर तिथे थांबले असते. पण हा तिचा निर्णय होता, आणि तो तिने रागात घेतला नव्हता.

काय केलं: दार लावून घेणं

तपासणी झाल्यावर पुढचा निर्णय होता विकण्याचा पर्याय किती दिवस उघडा ठेवायचा याचा. तिला वाटत होतं, सहा महिने बघू, नाही जमलं तर विकू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी 2002 साली छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायचा, दुसरा द्यायचा. काहींना नंतर बदलून घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती त्यांना आपला फोटो नंतर जास्त आवडला. असा फरक पडेल हे आधी लोकांना ओळखता आलं नव्हतं. परत फिरायची वाट उघडी असली की मन रोज तिथे जाऊन उभं राहतं.

म्हणून तिने ठरवलं: गाडी ठेवायची. दोन वर्षं विक्रीचा विचार नाही. जाहिरातींचं अ‍ॅप फोनमधून काढून टाकायचं. अपवाद एकच, सुरक्षिततेचा मोठा दोष.

हे तपासणीनंतरच करायचं, हा क्रम मी आग्रहाने सांगते. आधी दार लावून घेतलं असतं तर मन शांत झालं असतं, आणि फुटायला आलेले टायर गाडीखालीच राहिले असते.

दादाशी बोलणं

हे तिने सगळ्यात शेवटी केलं आणि सगळ्यात जास्त टाळलं. बोलण्याआधी तिने ठरवलं की मेकॅनिकचा अहवाल हातात घेऊन जायचं नाही. अहवाल समोर ठेवला की बोलणं ‘कोण बरोबर’ यावर जाणार हे तिला कळत होतं.

तिने मला नंतर सांगितलं ते असं.

“दादा, तू ‘मला विचारलं असतंस तर’ म्हणालास ना, ते फार लागलं मला.”

“मग काय म्हणू? न विचारता घेतलीस. मी इतका नको झालो का?”

हे तिला अनपेक्षित होतं. आपण दुखावले गेलो एवढंच तिला दिसत होतं. दादाला त्याच्या घरातल्या एकमेव मानाच्या कामातून वगळल्यासारखं वाटलं होतं.

“तू नको म्हणून नाही रे. तू आलास की मी बोलतच नाही. मागची गाडी मला केवढी लांब पडायची, सांगितलं का कधी?”

“लांब? ती?”

“रोज घाम फुटायचा.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तरी मी असतो तर ही घेऊ दिली नसती.” ती म्हणाली, “माहितेय. म्हणून तर नाही बोलावलं.” आणि दोघं हसले.

सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही. त्याला ती गाडी अजूनही आवडत नाही. पण टायरच्या कोडची गोष्ट तिने सांगितली तेव्हा तो उठून स्वतःच्या गाडीचे टायर बघून आला.

काय झालं

वर्षभरानंतर बोललो तेव्हा गाडी तिच्याकडेच होती. कामाच्या फेऱ्या सोप्या झाल्या आहेत, पाठ दुखणं कमी झालं आहे. डिकीच्या उंचीचा रकाना सार्थकी लागला. झोप पूर्ववत आहे. आवाज आला की पोटात गोळा येणं थांबलं. आता ती आवाज कुठून येतो ते ऐकते आणि लिहून ठेवते.

एक गोष्ट तशीच आहे. लांबच्या प्रवासात, रस्ता मोकळा आणि हवा छान असली की शेजारची रिकामी सीट तिला जाणवते. किल्ली घेतली त्या दिवशी जाणवली तशीच. पहिल्या भेटीत हीच भावना ‘गाडी चुकली’ या नावाखाली आली होती. आता ती भावना तिला खऱ्या नावाने ओळखता येते, आणि त्यासाठी गाडी विकावी असं वाटत नाही. ती भावना जावी असा प्रयत्न मी केला नाही, तिनेही केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

विसाराच्या दुपारचा क्षण सगळ्यात मोठा. “अजून एकजण येतोय” हे खरं असो वा नसो, त्यावर उत्तर एकच: “मेकॅनिकला दाखवून मग विसार देते, तोवर दुसऱ्याने घेतली तर घेऊ दे.” तिला हे माहीत होतं. मग म्हणाली का नाही? तपासणी मागितली तर ‘हिला काही कळत नाही’ असं दिसेल असं तिला वाटलं. एकटीने व्यवहार करणाऱ्या माणसावर हे ओझं असतं: सगळं आपल्याला कळतं असं दाखवायचं. प्रत्यक्षात ज्यांना गाड्यांतलं सगळ्यात जास्त कळतं ते लोक तपासणीशिवाय गाडी घेत नाहीत.

निर्णय एकटीने घेणं आणि त्या दिवशी एकटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिने दोन्ही एकत्र बांधल्या. एखाद्या मैत्रिणीला नुसतं सोबत नेता आलं असतं: मत द्यायचं नाही, फक्त बरोबर यायचं आणि किल्ली घेताना फोटो काढायचा. त्याने निर्णय तसूभरही कमी तिचा झाला नसता.

दादाला आदल्या दिवशी एक वाक्य सांगणंही जमलं असतं: “मी उद्या गाडी घेतेय, माझी मी ठरवलीय, रविवारी दाखवते.” सल्ला मागायचा नाही, पण बातमी त्याला आधी कळू द्यायची. ग्रुपवरच्या फोटोतून कळणं आणि बहिणीच्या तोंडून कळणं यात खूप अंतर आहे. तो कदाचित तरीही नाराज झाला असता, पण रविवारी त्याने दार तपासायच्या आधी गाडी पाहिली असती.

आणि तो वहीतला तक्ता. गाडी घेतल्यावर ‘झालं काम’ म्हणून तिने ती पानं फाडून टाकली होती. तिसऱ्या आठवड्यात रात्री जाहिराती चाळताना नाकारलेल्या गाड्या का नाकारल्या हेच तिला आठवेना, आणि न आठवल्यामुळे त्या जास्तच चांगल्या वाटायला लागल्या. ती पानं हाताशी असती तर एकीची डिकी उंच होती आणि दुसरी दादाने निवडलेल्या पहिल्या गाडीएवढीच लांब होती, हे एका नजरेत दिसलं असतं. आता ती नवं पान ठेवते. त्यावर टायरची तारीख, ब्रेकचं काम, पुढच्या सर्व्हिसचं किलोमीटर, आणि सगळ्यात वर, ही गाडी का घेतली त्याची चार कारणं.